बाहेर कडाक्याची थंडी, तरी इंजिन का तापतं आणि हीटर गार का पडतो?

थंडीची लाट आली की गाड्यांच्या दोन तक्रारी एकदम वाढतात. पहिली सगळ्यांच्या ओळखीची आहे. हीटरचा खटका पूर्ण लाल बाजूला फिरवला तरी आत गार वाराच येतो. दुसरी मात्र माणसाला चक्रावून टाकते. बाहेर पारा शून्याखाली, काचेवर हिमाचा थर, आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात! एवढ्या थंडीत इंजिन तापेलच कसं, असं म्हणून कित्येक जण काटाच बिघडलाय असं धरून चालतात आणि गाडी तशीच पुढे दामटतात. इंजिन उघडायची वेळ अनेकदा या एका समजुतीमुळे येते.

खरं तर या दोन्ही तक्रारी एकाच नळजोडणीतल्या आहेत. केबिन उबदार ठेवणारा हीटर आणि इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा एकच द्रव वापरतात, एकच पंप वापरतात. म्हणून हीटर गार पडणं ही नुसती गैरसोय समजून सोडून देऊ नये. इंजिनातल्या पाण्याचं काही बिनसलं असेल तर हीटरला ते अनेकदा काट्याच्याही आधी कळतं. हीटर आणि काटा दोन्ही एकत्र वाचता आले, तर बिघाड कुठे आहे याचा बराचसा अंदाज गॅरेजला जाण्यापूर्वीच बांधता येतो.

उष्णता येते कुठून, जाते कुठे

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत मुरते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूंचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सियसच्या वर जातं, आणि इंजिनात सर्रास वापरलं जाणारं अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. ही उष्णता सतत वाहून नेली नाही तर इंजिन काही मिनिटांत निकामी होईल.

ती वाहून नेतं कूलंट. कूलंट म्हणजे पाणी, ग्लायकॉल नावाचं रसायन आणि गंज रोखणारे काही पदार्थ यांचं मिश्रण. वॉटर पंप ते इंजिनाच्या आतल्या पोकळ्यांमधून फिरवतो. तापलेलं कूलंट गाडीच्या नाकाशी असलेल्या रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्याने थंड होतं आणि परत येतं. याच प्रवाहाचा एक फाटा डॅशबोर्डमागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये जातो. त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर म्हणजे आतला पंखा त्याच्यावरून हवा फुंकतो आणि ती गरम होऊन केबिनमध्ये येते. म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या गाडीत हीटरसाठी वेगळं इंधन जळत नाही. इंजिनाने टाकून दिलेली उष्णताच आपल्याला मिळते.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा छोटा भाग म्हणजे थर्मोस्टॅट. ही कूलंटच्या वाटेवरची एक झडप आहे. तिच्या पोटात खास प्रकारचं मेण भरलेलं असतं. मेण वितळताना फुगतं, एक दांडी ढकलतं आणि झडप उघडते. बहुतेक गाड्यांत हे ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान घडतं. तोवर रेडिएटरची वाट बंद असते आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनात छोट्या फेऱ्यात फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. बहुतेक गाड्यांत हीटर कोअर या छोट्या फेऱ्यातच जोडलेला असतो. त्यामुळे रेडिएटर अजून गारठलेला असताना केबिनमध्ये ऊब येऊ शकते. ही एवढी रचना डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

थंडी असताना कूलंट हवंच कशाला? साधं पाणी का नको?

हा प्रश्न फार विचारला जातो, आणि साध्या पाण्याने जेवढी इंजिनं घालवली आहेत तेवढी दुसऱ्या कशाने क्वचितच घालवली असतील. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं. बंद पोकळीत त्या बर्फाला जागा मिळाली नाही की तो धातू फोडतो. रेडिएटर फुटू शकतो, हीटर कोअर फुटू शकतो, खुद्द इंजिनाच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. इंजिनाच्या बाजूला बसवलेली पत्र्याची गोल बुचं अशा वेळी निघून येतात आणि ब्लॉक वाचतो, असं म्हणतात. त्यावर विसंबू नये. ती बुचं मुळात ओतकामातली वाळू काढण्याची भोकं बुजवण्यासाठी असतात. कधी निघतात, कधी नाही.

पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं घेतलं तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. मग नुसतं ग्लायकॉलच भरलं तर आणखी चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं, आणि ते पाण्याइतकी उष्णता वाहूनही नेत नाही. साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या पुढे ग्लायकॉल वाढवल्यास संरक्षण उलट कमी होत जातं. निम्मं-निम्मं हे प्रमाण म्हणूनच सर्वत्र रूढ झालं आहे.

दुसरी गोष्ट उकळण्याची. हेच मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंशांना उकळतं. गाडीत ते त्याहून बरंच वर टिकतं, कारण रेडिएटरचं झाकण आत साधारण १ बार इतका दाब धरून ठेवतं. प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते तेच हे झाकण करतं. दाब वाढला की द्रव उशिरा उकळतो, आणि मिश्रण सुमारे १२५ ते १३० अंशांपर्यंत द्रवच राहतं. झाकणाचं रबर झिजलं तर हा दाब टिकत नाही, आणि बाकी सगळं ठीक असूनही कूलंट उकळून बाहेर येतं. इतका स्वस्त भाग आणि इतक्या वेळा दुर्लक्षित राहिलेला!

कूलंटच्या रंगावरून मात्र काही ठरवू नका. हिरवं, गुलाबी, नारिंगी, निळं हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. वेगवेगळ्या प्रकारचं कूलंट एकत्र झालं तर गंजरोधक पदार्थ निकामी होऊ शकतात, कधी गाळ धरतो, आणि तो सर्वांत आधी हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत अडकतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच वापरावा आणि सोबत नळाचं क्षारयुक्त पाणी न घालता डिस्टिल्ड पाणी घालावं. आणखी एक, अगदी कळकळीने: एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी आहे. सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलं हात लावतात. ते लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवावं. उरलेलं कधीही पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये.

शून्याखाली तापमान आणि काटा लाल पट्ट्यात, हे कसं?

आता त्या चक्रावणाऱ्या तक्रारीकडे येऊ. समजा, कूलंट कमी झालं म्हणून दर वेळी थोडं थोडं पाणी ओतलं गेलं. मिश्रण पातळ होत गेलं. कडाक्याच्या थंडीत सकाळी गाडी सुरू केली. थर्मोस्टॅट बंद आहे, त्यामुळे रेडिएटरमधलं कूलंट जागचं हलत नाही. इंजिन तापत असतं आणि त्याच वेळी समोरून येणारा बोचरा वारा रेडिएटरमधल्या त्या पातळ मिश्रणाचा बर्फाळ चिखल करत असतो. काही वेळाने थर्मोस्टॅट उघडतो, पण पुढची वाट गोठलेली असते. उष्णतेला बाहेर पडायला जागाच उरत नाही आणि काटा झपाट्याने चढतो. बाहेरच्या थंडीनेच इंजिन तापलेलं असतं.

अशा वेळी गाडी थांबवून इंजिन बंद करणं एवढंच करायचं असतं. रेडिएटर आपोआप वितळेपर्यंत, शक्य तर आडोशाच्या जागी, थांबावं लागतं. नंतर मिश्रणाची तीव्रता तपासून ते बदलावं. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं उपकरण एका थेंबावरून मिश्रण किती अंशांना गोठेल ते दाखवतं. थंडी सुरू होण्याआधी एकदा हे करून घेणं हा सगळ्या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

काटा मधोमध आहे म्हणजे सगळं ठीक ना?

नाही, आणि याचं कारण फारच कमी जणांना माहीत असतं. आताच्या बऱ्याच गाड्यांमध्ये काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कूलंट ७५ अंशांवर असो की १०५ वर, काटा मधोमध उभा. लहानसहान चढउतारांनी चालक घाबरू नये म्हणून केलेली ही सोय आहे. पण त्यामुळे काटा हलेपर्यंत बिघाड बराच पुढे गेलेला असतो. काही गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल असा दिवा असतो.

खरं तापमान पाहायचं असेल तर ओबीडी स्कॅनर वापरावा. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला जोडायचं हे छोटं उपकरण मोबाइलवर कूलंटचं नेमकं तापमान अंशांत दाखवतं. हिवाळ्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे ते असावं असं माझं मत आहे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट इतकं घटलं की सेन्सर हवेत उघडा पडला, तर धातू भाजत असतानाही आकडा कमी दिसू शकतो. अशा वेळी खरी बातमी हीटरकडून मिळते. डॅशबोर्डमागचा कोअर बऱ्याच गाड्यांत उंचावर असतो. पातळी घटली की तिथलं पाणी सर्वांत आधी संपतं आणि वारा अचानक गार होतो. आधी गरम असलेला हीटर चालत्या गाडीत एकाएकी गार पडला, तर काट्याकडे न बघता गाडी बाजूला घ्यावी.

इंजिन गार असताना पाहायच्या गोष्टी

तपासणीची सुरुवात नेहमी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीपासून करावी. तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताक्षणी आतलं कूलंट उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर उडतं.

कूलंटच्या टाकीवरच्या कमाल आणि किमान या दोन खुणांमध्ये पातळी आहे का ते बघा. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण असतं, तिथे जास्तीचं कूलंट साठवणारी नुसती प्लास्टिकची बाटली बघून समाधान मानू नका. झाकण किंवा मधली बारीक नळी खराब असली तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होतं. रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट गळ्यापर्यंत दिसतंय याची खात्री करा. कूलंट तपकिरी झालं आहे का, वर तेलाचा तवंग आहे का, झाकणाखाली चिखलासारखा थर आहे का, हेही त्याच वेळी दिसतं. वॉटर पंप फिरवणारा पट्टा सैल किंवा चिरलेला नाही ना, हे पाहून घ्यावं आणि शेवटी आतल्या गालिचावरून हात फिरवावा. डॅशबोर्डखालची जागा चिकट ओली लागली तर पुढचा बराच शोध वाचतो.

दोन नळ्या हाताला काय सांगतात

हीटरचा दोष शोधण्याची सर्वांत उपयोगी परीक्षा अगदी साधी आहे. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीतून रबराच्या दोन नळ्या आत जातात. एक हीटर कोअरला गरम कूलंट देते, दुसरी ते परत आणते. गाडी १५-२० मिनिटं चालवून इंजिन नीट तापलं की हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर मध्यम ठेवून या दोन्ही नळ्यांचं तापमान बघायचं. इंजिन बंद करून क्षणभर हात लावला तरी कळतं. पण जपून, कारण रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो आणि नळ्या भाजण्याइतक्या तापतात. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. फक्त तो चकचकीत धातूवर न धरता काळ्या रबरावर धरावा, कारण चकाकीवर तो चुकीचा आकडा देतो.

दोन्ही नळ्या कडक गरम असतील तर कूलंटने आपलं काम केलं आहे. दोष हवेच्या बाजूला, म्हणजे डॅशबोर्डच्या आत आहे. एक कडक आणि दुसरी कोमट किंवा गार असेल तर कूलंट आत जातंय पण पुढे सरकत नाही. कोअर गाळाने तुंबलाय, किंवा ज्या गाड्यांत या नळीवर वेगळी झडप असते तिथे ती झडप उघडत नाही. दोन्ही कोमट असतील, तर इंजिनच तापत नाही किंवा कूलंट तिथवर पोहोचत नाही. यातलं कोणतं, ते काटा सांगतो.

काटा खाली आणि हीटर कोमट, ही हिवाळ्यातली सर्वांत नेहमीची जोडी आहे. थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो. सकाळी गार गाडी सुरू केल्यावर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन थंड होत राहतं. ओळखायची खूण अशी: गर्दीत उभं असताना काटा थोडा चढतो, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की खाली येतो. खात्रीसाठी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीकडे लक्ष ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर ती बराच वेळ गार राहते आणि मग एकदम तापते. इंजिनाबरोबर सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली तर झडप उघडी आहे. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या नळीच्या बाजूला असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या नळीवर करायची. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड दिसला तर त्याचाही अर्थ हाच, की कूलंट अपेक्षित वेळेत अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही. फक्त कूलंट कमी असलं तरी हा कोड येऊ शकतो, म्हणून पातळी आधी, थर्मोस्टॅट नंतर.

काटा वर आणि हीटर गार ही जोडी सर्वांत धोक्याची. इंजिनात उष्णता आहे पण ती वाहून नेणारं कोणी नाही. कूलंट संपलंय, आत हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप फिरत नाही. पंपाची पाती गंजून झिजतात. काही पंपांत प्लास्टिकचं चाक दांड्यावर सैल होतं, म्हणजे बाहेरून पंप फिरताना दिसतो आणि आत कूलंट जागच्या जागी. या अवस्थेत पुढचं एक किलोमीटरही परवडत नाही.

काटा वर आणि हीटरही कडक गरम, तर कूलंट फिरतंय, फक्त रेडिएटरकडे उष्णता टाकली जात नाही. बंद अडकलेला थर्मोस्टॅट, तुंबलेला किंवा गोठलेला रेडिएटर, न फिरणारा पंखा यांपैकी काहीतरी. फक्त उभं असताना तापत असेल आणि वेगात असताना नसेल, तर संशय पंख्यावर.

आणि एक फसवी तक्रार: सिग्नलला हीटर गार, रेस दिली की गरम. इथे पंपाला जेमतेम जमतंय. कूलंट थोडं कमी आहे, कोअरमध्ये हवा आहे किंवा पंप दुबळा झालाय. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल तर हवा नक्की. कूलंट बदलल्यानंतर लगेच ही तक्रार सुरू झाली असेल, तर हवा नीट काढलेली नाही. त्यासाठी गाडीचं नाक थोडं चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरम करून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश भरत राहावं लागतं. काही गाड्यांची पद्धत वेगळी असते, ती पुस्तिकेत दिलेली असते. घाई केली की हवा राहतेच.

नळ्या तापल्या आहेत, तरी वारा गार

मग दोष डॅशबोर्डच्या आत. तिथे एक फ्लॅप असतो. तो हवा कोअरवरून न्यायची की बाजूने, हे ठरवतो. तापमानाचा खटका फिरवल्यावर हा फ्लॅप हलवणारी छोटी मोटर खराब झाली, तर हवा कोअरला न शिवताच आत येते. खटका फिरवताना डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू आली तर मोटरच्या आतल्या प्लास्टिकच्या दात्यांकडे बोट जातं. जुन्या गाड्यांत मोटरऐवजी तार असते आणि ती निसटते.

चालकाकडे गरम आणि शेजारी गार, किंवा उलट, असा प्रकार असेल तर दोन शक्यता. दोन्ही बाजूंना वेगळे फ्लॅप असलेल्या गाडीत एकाची मोटर गेलेली असते, नाहीतर कोअर अर्धवट तुंबलेला असतो. नळ्यांची परीक्षा इथेही निकाल देते. वारा गरम आहे पण अगदी मंद येतो, तर केबिन फिल्टर बघा. तो धुळीने आणि पानांनी भरलेला सापडतो. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर, म्हणजे वेग कमी करणारा विजेचा भाग, गेला आहे. या दोषांचा इंजिनाशी संबंध नाही, म्हणून ते सवडीने दुरुस्त केले तरी चालतात.

कूलंट जातं तरी कुठे?

बंद यंत्रणेतलं कूलंट आपोआप संपत नाही. दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर गळती आहेच, फक्त दिसत नाही. थंडीत एक विशेष प्रकार घडतो. रबर आणि धातू थंडीने आकसतात, नळ्या आवळून धरणाऱ्या क्लॅम्पची पकड ढिली पडते आणि रात्रभर थेंब थेंब कूलंट गळतं. गाडी तापली की सगळं फुगून पुन्हा घट्ट बसतं. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गळती बंद! म्हणून अशा गाडीची दाब-तपासणी इंजिन पूर्ण गार असताना करून घ्यावी. त्यात हातपंपाने यंत्रणेत दाब भरतात आणि तो टिकतो का पाहतात.

हीटर कोअर गळत असेल तर केबिनमध्ये गोडसर वास येतो, काचेवर आतून पुसल्यावरही जाणारा नाही असा तेलकट पापुद्रा धरतो आणि पायाखालचा गालिचा ओला राहतो.

सर्वांत महागडी शक्यता हेड गॅस्केटची. इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामध्ये बसवलेलं हे पातळ पॅकिंग फाटलं, तर जळणाचे वायू कूलंटमध्ये घुसतात आणि कूलंट सिलिंडरमध्ये. टाकीत सतत बुडबुडे, गार इंजिन सुरू केल्यावर काही क्षणांतच नळ्या दगडासारख्या घट्ट, सायलेन्सरमधून रेंगाळणारा गोड वासाचा पांढरा धूर, ही त्याची लक्षणं.

पण थंडीत इथेच गैरसमज होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन बाहेर पडतं. थंड हवेत ती वाफ पांढरीशुभ्र दिसते. ती लगेच विरत असेल, इंजिन तापल्यावर कमी होत असेल, तर ते अगदी नैसर्गिक आहे. तसंच तेलाच्या झाकणाखाली दिसणारा दुधाळ थर. थंडीत रोज जेमतेम दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत बाष्प साचून तो धरतो. तेलाच्या दांडीवरचं तेल स्वच्छ असेल आणि कूलंट घटत नसेल तर एखादा लांबचा फेरा मारून पुन्हा पाहावं. शंका राहिलीच तर रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी. टाकीतली हवा त्या निळ्या द्रवातून सोडतात, आणि जळणाचे वायू असतील तर तो पिवळट होतो. ही चाचणी केल्याशिवाय कोणी इंजिन उघडायला सांगत असेल तर नम्रपणे नकार द्या.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर?

इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. थंडीत तो फार नुकसानीचा आहे. इंजिन कायम अर्धवट गार राहतं, त्यामुळे त्याचा कॉम्प्युटर जास्त इंधन सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं, तेल पातळ होतं, झीज वाढते, आणि हीटर तर मिळत नाहीच. बिघडलेला थर्मोस्टॅट काढून नवा बसवणं हाच उपाय आहे.

गळती बुजवणाऱ्या पावडरी आणि द्रवांबद्दलही हेच म्हणेन. रेडिएटरचं बारीक भोक बुजवणारा पदार्थ हीटर कोअरच्या नळ्याही बुजवतो. आडरानात अडकल्यावर घर गाठण्यासाठी वापरला तर समजू शकतं. नेहमीचा इलाज म्हणून नको. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावण्याची पद्धत अतिथंड प्रदेशांत आहे, पण पुठ्ठा काढायला विसरलं की चढावर इंजिन तापतं. थर्मोस्टॅट चांगला असेल तर सहसा त्याची गरजही पडत नाही.

निघण्याआधी गाडी किती वेळ चालू ठेवावी?

उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, म्हणून ते फार सावकाश तापतं. सुरू करून अर्धं ते एक मिनिट थांबावं, काचा स्वच्छ कराव्यात आणि मग पहिली काही मिनिटं हळू, जास्त रेस न देता चालवावं. इंजिन, गिअरबॉक्स आणि हीटर तिन्ही त्याने लवकर तापतात. छोटी टर्बो इंजिनं आणि डिझेल इंजिनं मुळातच कमी उष्णता वाया घालवतात, त्यामुळे त्यांचा हीटर उशिरा गरम होतो. तो दोष नव्हे. म्हणूनच अशा काही गाड्यांत विजेवर चालणारा छोटा जोडहीटर दिलेला असतो.

बंद गॅरेजमध्ये मात्र गाडी कधीच चालू ठेवू नये, दार अर्धवट उघडं असलं तरी नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. बर्फात अडकलेल्या गाडीत हीटर लावून बसायची वेळ आली, तर आधी बाहेर उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करावं. ते बर्फाने बुजलं असेल तर हाच वायू केबिनमध्ये शिरतो.

वाटेतच काटा चढला तर

एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण उघडा. हीटर कोअर हाही एक रेडिएटरच आहे, तो थोडी उष्णता ओढून घेतो आणि सुरक्षित जागा गाठण्यापुरती सवड देतो. हीटरमधून गार वारा येत असेल तर तेवढीही सवड नाही, तिथल्या तिथे थांबा. इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. लालबुंद तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. म्हणून इंजिन निवल्यावर, थोडं थोडं भरा. जवळ कूलंट नसेल तर साधं पाणी चालेल, पण रात्रीच्या थंडीआधी ते काढून योग्य मिश्रण भरलंच पाहिजे.

दुरुस्ती झाल्यावर पहिले काही दिवस रोज सकाळी, गार इंजिनावर पातळी बघत राहा. आत उरलेली हवा बाहेर पडते तशी पातळी एकदा, फार तर दोनदा थोडी उतरते आणि भर घातल्यावर स्थिरावते. त्यानंतरही उतरतच राहिली तर गाडी परत गॅरेजला न्या, आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवा, आणि दाब-तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी करायला सांगा.